सायकलवाल्याला सिग्नल लागू आहे का?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकल हे वाहनच नाही. यंत्राच्या जोरावर चालणारं आणि रस्त्यावर वापरण्याजोगं ते वाहन, अशी या कायद्याची व्याख्या आहे (कलम २, पोटकलम २८). पायाने मारलेलं पॅडल त्यात बसत नाही.

चौकात एखादा सायकलवाला लाल दिव्याला न जुमानता पुढे निघाला की मागचा गाडीवाला काच खाली करून ओरडतो, “यांना काही नियम आहेत की नाही?” प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला तरी चांगला आहे. सायकलवाल्यांचंही यावर एकमत नाही. काही जण म्हणतात, आम्ही धूर सोडत नाही, जागा अडवत नाही, आम्हाला मोकळं सोडा. काही म्हणतात, रस्त्यावर समान हक्क हवा तर समान नियमही पाळा. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण कायद्याची पुस्तकं उघडली की लक्षात येतं, सायकलला नियम आहेत. फक्त गाडीवाल्याला वाटतं त्या पुस्तकात ते नाहीत, आणि सगळेच्या सगळे गाडीसारखेही नाहीत.

आधी काय लागू नाही ते बघू. लायसन्स (कलम ३), नोंदणी आणि नंबरप्लेट (कलम ३९), विमा (कलम १४६), हेल्मेट (कलम १२९), वेगमर्यादा (कलम ११२), धोकादायक रीतीने वाहन चालवणं (कलम १८४), दारू पिऊन चालवणं (कलम १८५): ही सगळी कलमं मोटार वाहनाबद्दल बोलतात, हेल्मेटचं तर फक्त मोटारसायकलबद्दल. सायकलस्वाराने हेल्मेट घालावं हे शहाणपणाचं, पण न घातल्याबद्दल या कायद्याखाली त्याची पावती फाडता येत नाही. दारू प्यालेल्या सायकलवाल्याला कलम १८५ लागत नाही म्हणजे तो सुटला असंही नाही. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी उपद्रव देणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे (कलम ३५५), मग तो माणूस सायकलवर असो की पायी.

आता सिग्नलचं कलम. वाहतुकीच्या बंधनकारक चिन्हांचं पालन करायला सांगणारं कलम ११९ सुरुवातीलाच म्हणतं, ‘मोटार वाहनाच्या प्रत्येक चालकाने’. म्हणजे सायकलवाल्याचा इथे संबंध नाही. गंमत पुढे आहे. याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बंधनकारक चिन्हांची यादी आहे आणि तिच्यात ‘सायकलला मनाई’ हे चिन्हही आहे: लाल वर्तुळात सायकल. ही पाटी फक्त सायकलस्वारासाठी रंगवलेली, आणि ती पाळण्याचं बंधन मात्र सायकलस्वार सोडून बाकीच्यांवर! कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सायकल होती, फक्त वाक्य लिहिताना ती विसरली गेली, असंच म्हणावं लागतं. हा विसराळूपणा पुढेही अनेकदा दिसेल.

सायकलचा कायदा कुठे सापडतो

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर उत्तर पोलीस अधिनियमात आहे. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याची ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या अगदी मोकळ्या हाताने केलेली आहे. गाडा, ढकलगाडी, ट्रक, रिक्षा, जहाज, इतकंच काय, विमानसुद्धा त्यात येतं. आणि सायकल तर नाव घेऊन येते, तीनचाकीसकट.

या अधिनियमाचं कलम ९९ सांगतं, रस्त्यावर वाहन चालवताना डावी बाजू सोडू नका, आणि पुढच्या वाहनाला ओलांडायचं तर त्याच्या उजवीकडून ओलांडा. इथे ‘मोटार’ हा शब्द नाही. त्यामुळे डावीकडून चालण्याचा नियम सायकलला गाडीइतकाच लागू आहे. कलम ३३ पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांना सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार देतं, आणि त्यात चालणारे, सायकल चालवणारे, गुरं हाकणारे असे सगळे धरलेले आहेत. कलम ६८ तर सरळच म्हणतं, पोलिसाने आपलं कर्तव्य बजावताना दिलेली वाजवी सूचना प्रत्येकाला पाळावी लागेल. चौकात मामांनी हात दाखवला की तो मर्सिडीजलाही असतो आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकललाही.

जुन्या पिढीला हे सांगायची गरज नाही. सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ओळख होती तेव्हा सायकलवाला हाच पोलिसांचा मुख्य गिऱ्हाईक होता. अनेक शहरांत सायकलीवर पालिकेचा कर असायचा आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. संध्याकाळी दिवा नसला तर अडवणूक, डबलसीट दिसलात तर अडवणूक. दंड नको असेल तर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा आणि दोघांनी सायकल ढकलत घरी जायचं. पुढे रस्त्यावर स्कूटर आणि मोटारी वाढल्या, पोलिसांचं लक्ष तिकडे गेलं, कर गेला, बिल्ले गेले. मधल्या काळात मोठ्या झालेल्या दोन पिढ्यांचा असा समज झाला की सायकलला नियम कधी नव्हतेच.

दुसरा आधार फौजदारी कायद्याचा. भारतीय दंड संहितेचं कलम २७९ ‘बेदरकारपणे वाहन चालवणं किंवा स्वारी करणं’ याबद्दल होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ झालं आहे. तिथेही ‘कोणतेही वाहन’ असाच शब्द आहे. माणसाच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने सायकल दामटली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सायकलच्या धडकेने एखादी वृद्ध व्यक्ती पडून दगावली आणि त्यात सायकलस्वाराचा हलगर्जीपणा दिसला, तर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचं कलम १०६ लागू शकतं, आणि त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. सायकलने कोण मरतं, असं वाटणाऱ्यांनी फुटपाथवरून उताराला सुसाट सोडलेली सायकल आठवावी.

शिवाय भारत ज्या १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराचा सदस्य आहे, त्यात ‘चालक’ म्हणजे मोटार किंवा अन्य वाहन, सायकलसह, चालवणारी व्यक्ती असं स्वच्छ लिहिलेलं आहे. गुरांचा कळप हाकणाराही त्यात चालकच आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याला तेवढं वाक्य उचलता आलं नाही.

तर सिग्नल लागू आहे. मोटार वाहन कायद्याचं चलन सायकलवाल्याला लागत नसलं तरी पोलिसांचा वाहतूक अधिकार आणि फौजदारी कायदा लागतो. व्यवहारात त्याला कोणी अडवत नाही याचं कारण साधं आहे: सगळी दंडव्यवस्था आता कॅमेरा आणि नंबरप्लेटवर चालते, आणि सायकलला नंबरच नाही. मशीनमध्ये नोंद करता येत नाही म्हणून मामा तोंड फिरवतात.

मग सगळे नियम सारखेच का नाहीत?

इथे थोडं गणित करावं लागेल. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. दुसरीकडे चालकासह १२०० किलोची छोटी मोटार, वेग ताशी ५०. हलत्या वस्तूची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढते. सायकलकडे सुमारे ७८० ज्यूल ऊर्जा असते आणि मोटारीकडे सुमारे १ लाख १६ हजार, म्हणजे जवळपास दीडशेपट. ताशी ४० ने जाणारी १५ टनांची बस धरली तर हा आकडा बाराशेपटीच्या घरात जातो. धडक झाली की ही ऊर्जा कुठेतरी जिरते, आणि ती बहुतेक वेळा ज्याच्याभोवती पत्रा नाही त्याच्या शरीरात जिरते. देशात दरवर्षी साडेचार हजारांच्या वर सायकलस्वार रस्त्यावर मरतात. त्यांच्या सायकलखाली येऊन मरणाऱ्यांचा आकडा याच्या जवळपासही जात नाही.

लायसन्स, विमा, नोंदणी, वेगमर्यादा हे नियम या दीडशेपटीतून आले आहेत. जो दुसऱ्याचं जास्त नुकसान करू शकतो त्याच्याकडून आधी परीक्षा घ्यायची, पैशांची हमी घ्यायची, त्याला ओळखता येईल असा नंबर लावायचा. हे नियम सायकलला लावा म्हणणं म्हणजे सातवीतल्या मुलीला शाळेत जायला आरटीओची रांग लावायला सांगणं. त्याउलट डावीकडून चालणं, सिग्नलला थांबणं, अंधारात दिवा लावणं, वळताना हात दाखवणं हे नियम वेगळ्या जातीचे आहेत. समोरचा आता काय करणार आहे याचा अंदाज एकमेकांना यावा, एवढ्यासाठी ते आहेत. तो अंदाज सगळ्यांनी मिळूनच बांधायचा असतो, त्यात वजनाचा प्रश्न येत नाही. माझ्या मते हा सगळा वाद या दोन जातींचे नियम एकाच पोत्यात घातल्यामुळे होतो. गाडीवाला दुसऱ्या जातीचा नियम मोडलेला पाहतो आणि पहिल्या जातीचे नियम मागतो: ‘यांनाही नंबरप्लेट लावा!’

राँग साइड

सायकलस्वाराने एकच नियम पाळायचा ठरवला तर कोणता, असं कोणी विचारलं तर मी सिग्नलच्याही आधी राँग साइडचं नाव घेईन. पुष्कळ सायकलवाले ती मुद्दाम घेतात, कारण ‘समोरून येणारी गाडी दिसते तरी’. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत हे खरंच आहे. फुटपाथ नसेल तर येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं असं म्हणतात, कारण चालणारा एका पावलात बाजूला होऊ शकतो. सायकल तशी बाजूला उडी मारू शकत नाही.

शिवाय वेगांची बेरीज-वजाबाकी बघा. ताशी ४० ची मोटार आणि ताशी १५ ची सायकल एकाच दिशेने जात असतील तर दोघांमधला फरक २५ चा. समोरासमोर असतील तर ५५ चा. मोटारचालकाने सायकल ५० मीटरवर पाहिली तर पहिल्या स्थितीत त्याच्याकडे सात सेकंद असतात, दुसऱ्या स्थितीत सव्वातीन. धडकेचा जोर जवळपास पाचपट होतो.

आणि यापेक्षाही घातक गोष्ट म्हणजे गल्लीची तोंडं. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. डावीकडून, उलट्या दिशेने, अगदी कडेने सायकल येतेय हे त्याच्या डोक्यातही नसतं. त्याने नियम पाळलेला असतो आणि तरीही त्याच्या बंपरवर माणूस येतो.

लोक राँग साइड का घेतात हेही समजून घ्यायला हवं. पुण्यातले सातारा रस्ता किंवा सिंहगड रस्ता यांसारखे रस्ते मधल्या डिव्हायडरने असे शिवून टाकलेत की पलीकडच्या दुकानात जायला लांबचा वळसा पडतो. गाडीला त्या वळशाने दोन मिनिटं लागतात. पायाने चालवणाऱ्याला, त्यातून चढ आणि मागे भाजीची पाटी असेल तर, तो जिवावर येतो. रस्ता आखताना त्याचा विचार झाला नाही. पण रस्ता चुकीचा आखला म्हणून ५५ चा फरक २५ चा होत नाही.

‘डावीकडे’ म्हणजे नेमकं कुठे, याबद्दलही गैरसमज आहे. कायदा रस्त्याची डावी बाजू म्हणतो, गटाराची जाळी म्हणत नाही. अगदी कडेला चिकटून चालवलं की दोन धोके. एक, उभ्या मोटारीचं दार अचानक उघडतं. दोन, मागचा चालक समजतो की शेजारून निसटायला जागा आहे, आणि हँडलला घासून जातो. उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवून, सरळ रेषेत, नागमोडी न जाता चालवणं हेच सुरक्षित, मग मागून कितीही हॉर्न वाजोत.

आणि बसच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकापाशी, कधीही थांबू नये. सिग्नलला बस उभी असते, तिच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून सायकल पुढे घालण्याचा मोह होतो. बस डावीकडे वळणार असेल तर ती फट बंद होत जाते, आणि उंचावर बसलेल्या चालकाला खालची सायकल आरशातही दिसेलच असं नाही. बसच्या मागे थांबा, नाहीतर चालकाला काचेतून स्पष्ट दिसेल इतकं पुढे. मधली जागा नाही.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांना कायद्यानेच दोन टप्प्यांत वळावं लागतं. (तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून त्यांचं ते डावं वळण.) आपल्याकडे असं करायचं तर आधी डाव्या कडेने सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर सायकल वळवून उभी करायची, आणि त्या दिशेचा हिरवा दिवा लागला की निघायचं. आपल्याकडे हे सक्तीचं नाही, पण नळ स्टॉपसारख्या चौकात चार लेन कापत मध्यभागी जाण्यापेक्षा कितीतरी बरं. झेब्रावरून जायचं असेल तर उतरून सायकल ढकलत न्यावी. उतरलात की तुम्ही पादचारी.

ट्रॅक आणि मनाईच्या पाट्या

सायकल ट्रॅक असेल तर त्यावरूनच जायची सक्ती आहे का? निळ्या गोलात पांढरी सायकल असलेली पाटी ‘सक्तीचा सायकल मार्ग’ सांगते. ती नसेल तर मुख्य रस्ता वापरायला आडकाठी नाही. मोटारवाल्यांना मात्र ट्रॅकवर गाडी घालायला १९८९ च्या रस्ते नियमांपासून मनाई आहे. हे पुण्यात कोणाला सांगावं? २००६ साली बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर, सातारा रस्त्याला ट्रॅक आले, डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि आज ट्रॅकवर कुठे बसथांबा आहे, कुठे विजेचा डीपी, कुठे झाडाचं आळं, उरलेल्या जागेत दुचाक्या लावलेल्या. असा ट्रॅक सोडून रस्त्यावर आलेल्या सायकलवाल्याला ‘तुमच्यासाठी ट्रॅक बांधलाय ना?’ म्हणणाऱ्याने एकदा त्यावरून स्वतः पॅडल मारून बघावं.

मनाईच्या पाट्या पाळाव्याच लागतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, वांद्रे–वरळी सागरी सेतू इथे सायकलला प्रवेश नाही. जिथे गाड्या ताशी ८०–१०० ने जातात तिथे हे योग्यच. पण कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी पावणेदोनशेच्या आसपास शहरी रस्त्यांवर सायकलबंदी केली होती, वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून. दूध, पेपर, मासे पोचवणारे लोक रस्त्यावर उतरले आणि यादी बरीच आखडती घ्यावी लागली. नियम सर्वांना सारखे, असं म्हणताना बंदी मात्र एकालाच.

बाहेर काय चालतं

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वाराला ‘स्टॉप’ची पाटी दिसली तरी, कोणाला वाट द्यायची नसेल तर, हळू होऊन पुढे जायची मुभा दिली. किरकोळ वाहतूक गुन्ह्यांनी न्यायालयं भरून गेली होती, त्या साफसफाईत हा बदल झाला. पुढे लाल दिव्यालाही पूर्ण थांबून, मोकळं असेल तर जाण्याची सवलत आली. ओरेगॉन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो या राज्यांनी नंतर पाटीबद्दल तसंच केलं. पॅरिसमध्ये ठरावीक सिग्नलखाली छोटी त्रिकोणी पाटी असते. ती असेल तरच सायकलने लाल दिव्यावर वळायचं. तिथलं उजवं वळण म्हणजे आपलं फ्री लेफ्टच.

आपल्या चौकांत सरसकट अशी सवलत द्यावी असं मला वाटत नाही. तिच्यामागे एक गृहीत आहे: बाकीची वाहनं आपापल्या दिव्याप्रमाणे वागतात आणि आडव्या रस्त्यावरून कोण येतंय ते दिसतं. आपल्याकडे पिवळा दिवा म्हणजे वेग वाढवायचा इशारा समजतात.

नेदरलँड्सची गोष्ट वेगळी. तिथे मोटार आणि सायकलची धडक झाली तर भरपाईचा भार कायद्याने मोटारवाल्यावर येतो. सायकलवर १४ वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्ण. पण म्हणून सायकलस्वाराचे लाड होतात असं नाही. दिवा नसेल तर दंड, आणि जुलै २०१९ पासून सायकल चालवताना हातात फोन दिसला तरी दंड. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मंडळींना हे लवकर कळतं. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत हीच कल्पना शब्दांत मांडली: ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. सर्वांत असुरक्षित तो सर्वांत वर अशा या उतरंडीत सायकलवाला मोटारीच्या वर आहे आणि पादचाऱ्याच्या खाली. म्हणजे सायकलवाल्यालाही कोणाची तरी काळजी घ्यायची आहेच.

बॅटरीची सायकल

विजेच्या सायकलबद्दल दुकानदार सरसकट ‘लायसन्स लागत नाही’ असं सांगतात. ते अर्धसत्य आहे. मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची हवी आणि ताशी २५ किलोमीटर वेग आला की, किंवा पॅडल मारणं थांबलं की, तिने जोर देणं बंद करायला हवं. अशी सायकल ही सायकलच. कोणी वेगाची मर्यादा काढून टाकून ती ताशी ४० ने पळवू लागला की कायद्याच्या नजरेत ते मोटार वाहन होतं, आणि मग लायसन्स, नोंदणी, विमा, हेल्मेट सगळं एकदम अंगावर येतं. अपघात होईपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

धडक झाल्यावर

इथे सायकल ‘मोटार वाहन’ नसण्याचे परिणाम पैशांत मोजावे लागतात. मोटारीने सायकलस्वाराला उडवलं तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये कलम १६४ खाली मागता येतात. गाडी पळून गेली तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची सरकारी योजना आहे. मे २०२५ पासून दीड लाखापर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजनाही आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत. हे सगळं सायकलस्वाराला मिळतं, अट एवढीच की धडकेत मोटार वाहन असायला हवं. सायकलने सायकलला किंवा सायकलने पादचाऱ्याला धडक दिली तर न्यायाधिकरण नाही, विमा कंपनी नाही. दिवाणी दावा लावायचा आणि वर्षानुवर्षं तारखा मोजायच्या.

आणि कलम १६४ चा ठरावीक रकमेचा मार्ग सोडून पूर्ण भरपाई मागायला गेलात की सायकलस्वाराची चूक मोजली जाते. लाल दिवा ओलांडला होता, राँग साइडने येत होता, अंधारात दिवा नव्हता असं सिद्ध झालं तर ‘अंशदायी निष्काळजीपणा’ धरून रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. चलनाचा दंड सायकलवाल्याला भरावा लागत नाही, पण तोच दंड इथे कापलेल्या रकमेच्या रूपाने वसूल होतो, आणि कित्येकदा त्याच्या बायकामुलांकडून. म्हणून अपघातानंतर सायकल लगेच दुरुस्तीला देऊ नये. पंचनाम्यात तिचा दिवा, रिफ्लेक्टर आणि ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडली होती हे नोंदवून घ्यावं. नंबरप्लेट नसल्यामुळे फ्रेमवर ठोकलेला क्रमांक आणि खरेदीचं बिल हीच तिची ओळख.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात शेवटी सायकलची आठवण झाली. कलम १३८ मध्ये ‘१अ’ हे पोटकलम आलं: यंत्राविना चालणारी वाहनं आणि पादचारी यांच्यासाठी राज्य सरकारांनी रस्ता-सुरक्षेचे नियम करावेत. अधिकार मिळाला तरी राज्यांनी घाई केली नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत घालून तसे नियम करायला सांगावं लागलं.

या नियमांत सिग्नल, डावी बाजू आणि दिवा सायकलला स्पष्ट शब्दांत बंधनकारक करावेत, म्हणजे मामांना जुन्या अधिनियमाची पानं उलटावी लागणार नाहीत. त्याचबरोबर सायकलला ओलांडताना मोटारीने किती अंतर ठेवायचं तेही मीटरमध्ये लिहावं. जर्मनीत शहरात दीड मीटर आहे, फ्रान्समध्ये एक. आणि दिव्याच्या बाबतीत माझी एक सूचना आहे. रात्री बिनदिव्याची सायकल चालवणारा बहुतेक वेळा वॉचमन, हॉटेलातला पोऱ्या किंवा बांधकामावरचा मजूर असतो, रविवारी सकाळी सिंहगडाला जाणारा हेल्मेटवाला नसतो. त्याला पहिल्यांदा पकडलं की पावती न फाडता तिथल्या तिथे मागचा लाल दिवा बसवून द्यावा, आणि दुसऱ्यांदा बिनदिव्याचा सापडला तर मग दंड करावा.